वेदना : शून्य

जखमेवर औषध लावल्यावर जळलं, की आपण काय म्हणतो? लागू पडतंय. लहानपणी गुडघा फुटला, आईने बाटलीतलं काहीतरी ओतलं आणि आपण बोंब ठोकली, की ती म्हणायची, जळतंय ना, मग लागू पडतंय, गप बस. सगळ्या आया हेच म्हणत आल्या आहेत आणि त्याने कुणाचं काही बिघडलं नाही. पण वीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या बाईने तेच म्हणावं? तेही स्वतःच्या हाताने केलेल्या औषधाबद्दल? धाकटी म्हणाली. खांद्याने कानाशी फोन दाबलेला, हातात पिपेट, समोर छत्तीस नळ्या, अशा घाईत म्हणाली.

"फार जळतंय गं," फोनवर ताई सांगत होती. चाचणीचा तो तिसराच दिवस होता.

"जळतंय म्हणजे लागू पडतंय, ताई. मेलेलं मांस सुटत असतं. जरा धीर धर."

"बरं," ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला. ताईचं 'बरं' म्हणजे विषय मिटला. नंतर तिने जळण्याचा विषय पुन्हा कधी काढला नाही आणि धाकटीनेही विचारलं नाही.

ताई म्हणजे धाकटीची सख्खी मोठी बहीण, सात वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा धाकटी नऊ वर्षांची होती. बाप असून नसल्यासारखा. ताईने शाळा सोडली आणि कपड्यांच्या कारखान्यात कापड कापायला उभी राहिली. उभी राहिली म्हणजे अक्षरशः उभी. कटिंगच्या टेबलाला खुर्ची नसते. एकतीस वर्षं ती उभी होती. तेवढ्यात धाकटी शिकली, नोकरीला लागली, तिच्या नावामागे दोन-चार अक्षरंही आली. ताईच्या मागे आली साखर, पायांच्या फुगलेल्या शिरा आणि उजव्या नडगीवरची जखम. टेबलाचा कोपरा लागला होता, एवढंच निमित्त. दोन वर्षं झाली, ती जखम काही भरेना. सर्जन आडपडदा न ठेवणारा माणूस. त्याने सांगून टाकलं, "सहा आठवडे बघू. भरायला लागली तर ठीक, नाहीतर गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. उशीर केला तर गुडघ्याच्या वर."

आणि धाकटी काय करत होती म्हणाल, तर नेमकं याच जखमांवरचं औषध. सात वर्षं तिने त्याच्यापायी रक्ताचं पाणी केलं होतं.

लॅबमध्ये तिला 'खेकडाबाई' म्हणायचे. तोंडावर म्हणायचे आणि ती ओ द्यायची. दर महिन्याला मासळीबाजारातून खेकड्यांच्या कवचांची दोन पोती यायची. ती उकळायची, वाळवायची, दळायची, आधी आम्लात मग अल्कलीत बुडवायची, आणि एवढ्या घाणीतून शेवटी पांढरेशुभ्र कपचे निघायचे. त्याला कायटोसान म्हणतात. बसमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामी राहायची. ती म्हणायची, एवढं ऐसपैस बसायला मिळतं, वासाचं काय घेऊन बसलात! रसवाल्याकडून डाळिंबाच्या साली यायच्या. त्यांचा अर्क काढून तो कायटोसानला जोडायचा. मग त्याचं जेल बनायचं. फिकट तांबूस, बोटाला गार, वाटी उपडी केली तरी हलत नाही असं.

यातली मेख ती कुणालाही दोन मिनिटांत समजावून सांगायची. जुन्या जखमेत शरीर स्वतःच जहाल पदार्थ तयार करत राहतं आणि ते स्वतःचंच मांस खात राहतात. डाळिंबाच्या सालीतलं द्रव्य ते जहर पिऊन टाकतं. अँटिऑक्सिडंट म्हणतात ते हेच. परीक्षाही सोपी. जांभळ्या रंगाचं एक द्रावण असतं, त्यात जेलचा तुकडा टाकला की ते पिवळं पडतं. पाहुणे आले की ती मुद्दाम हा खेळ करून दाखवायची आणि पाहुणे लहान मुलांसारखे "अरे वा!" करायचे. पण नळीतलं जांभळं पाणी म्हणजे काही माणूस नव्हे. म्हणून पुढची परीक्षा जिवंत पेशींवर. प्लॅस्टिकच्या चपट्या ताटल्यांमध्ये कातडीच्या पेशी वाढवायच्या, लालसर पोषणद्रवात ठेवायच्या, वर जेल ठेवायचं आणि दोन दिवसांनी मोजायचं, किती जगल्या किती मेल्या. तिथेही उत्तम निकाल. मग उंदीर. उंदरांच्या जखमा नऊ दिवसांत भरल्या. उंदराची जखम तशीही भरतेच म्हणा, पण तेव्हा आनंदात हे कोण बोलणार?

मग माणसांवरची पहिली चाचणी ठरली. सहा रुग्ण, सहा आठवडे, रुग्णालयाच्या मागच्या वॉर्डात. लॅबच्या प्रमुख म्हणजे बाई. केस पांढरे, आवाज हळू, पण त्यांच्या शब्दापुढे कुणाची टाप नव्हती. औषध बनवणाऱ्याच्या नात्यातला रुग्ण चाचणीत घेत नाहीत. धाकटी बाईंपुढे जाऊन रडली. आयुष्यात पहिल्यांदा नोकरीच्या ठिकाणी रडली. बाईंनी कानाडोळा केला. सहापैकी एक जागा ताईला मिळाली, आणि धाकटीला वाटलं, ताईचं एकतीस वर्षांचं ऋण आता कुठे फिटायला लागलं.

चौथ्या आठवड्यातल्या सोमवारी सकाळी धाकटीने इन्क्युबेटर उघडला आणि तिला दिसलं, की सगळ्या ताटल्या मेल्या आहेत.

काही खास प्रयोगही नव्हता तो. पुढच्या खेपेच्या जेलची नेहमीची तपासणी. बारा ताटल्या लावल्या होत्या आणि बाराच्या बारा मेलेल्या. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी गोल होऊन, तळापासून सुटून, नुसत्या तरंगत होत्या. तिने सवयीने लाल पिशवी ओढली आणि नोंदवहीत लिहायला पेन उचललं: दूषित.

ही लॅबमधली रीत नीट समजून घ्या, कारण सगळं पाणी तिथेच मुरलंय. ताटलीत बुरशी किंवा जंतू शिरले की पेशी मरतात. अशी ताटली मोजायची नसते. नोंदवहीत 'दूषित' लिहायचं, ताटली लाल पिशवीत टाकायची, पिशवी वाफेच्या भट्टीत. एकदा 'दूषित' लिहिलं, की ती ताटली जगात कधी झालीच नव्हती. हिशेबात ती येत नाही, तक्त्यात येत नाही, कुणी विचारत नाही. आणि यात लबाडी काहीच नाही हो. सगळीकडे असंच करतात, करावंच लागतं.

फक्त 'दूषित' लिहिण्याआधी बुरशी दिसायला हवी. या ताटल्यांमध्ये बुरशी नव्हती. जंतू नव्हते. द्रव काचेसारखा स्वच्छ होता. धाकटीने पेन खाली ठेवलं. मग तिचं लक्ष पोषणद्रवाच्या बाटलीकडे गेलं. तोच कारखाना, तोच लाल रंग, पण झाकण निळं. नेहमीचं झाकण पांढरं असायचं.

ती भांडारात गेली. भांडारवाला चहा पीत होता.

"या बाटल्या कुठल्या आल्यात?"

"नेहमीच्याच की. पांढऱ्या झाकणाच्या संपल्या होत्या, कंपनीने या पाठवल्या. एकच माल आहे, मॅडम. ह्यात ते एक कायसं कमी आहे, बस."

"काय कमी आहे?"

"ते बारीक अक्षरांत लिहिलंय बघा. माझा चष्मा घरी राहिलाय."

पायरुव्हेट. एक साधा क्षार. पेशींना जादा खुराक म्हणून घालतात. धाकटीने तो शब्द वाचला आणि मांडणीला हात टेकला. भांडारवाल्याने स्टूल पुढे केलं. "बसा, बसा. नाश्ता नाही केला का?"

ती बसली. तिला दीड वर्षापूर्वीचा एक आठवडा लख्ख आठवला. तेव्हाही अशाच ताटल्या मेल्या होत्या. अकरा ताटल्या. तेव्हाही झाकण निळं होतं, द्रव स्वच्छ होता, पण तिने बारकाईने पाहिलंच नव्हतं. परिषद तोंडावर आली होती, बाई निकाल मागत होत्या. तिने अकरा वेळा 'दूषित' लिहिलं होतं. पुढच्या आठवड्यात पांढऱ्या झाकणाची खेप आली, पेशी तरारून वाढल्या आणि ती मनात म्हणाली, चला, घाण गेली एकदाची. तिथून पुढे सगळं काम पांढऱ्या झाकणावर झालं.

तिला काय कळलं, ते सोप्या शब्दांत सांगते. डाळिंबाच्या सालीतलं ते द्रव्य जहर पितं, हे खरं. पण त्याला जर लोह मिळालं, तर ते उलटतं आणि स्वतःच जहर तयार करू लागतं. कुठलं जहर? पेरॉक्साइड. केस पिवळे करायला वापरतात ते. आणि पायरुव्हेट हे पेरॉक्साइड गिळून टाकतं. पोषणद्रवात थोडं लोह असतंच, म्हणजे ताटलीत जेल जहर ओकत होतं आणि बाटलीतला क्षार ते पुसत होता. पेशी जगल्या त्या बाटलीच्या जिवावर, आणि श्रेय घेतलं खेकडाबाईने. ताईच्या नडगीवर कुठली आली बाटली? तिथे फुगलेल्या शिरांमधून दोन वर्षं रक्त झिरपत होतं, आणि रक्त म्हणजे लोहच लोह.

इथे कुणालाही वाटेल, की ती उठून धावत वॉर्डात गेली असेल. नाही गेली. तिने स्वतःला सांगितलं, आधी खात्री करू. शास्त्रज्ञ आहोत आपण, उचलली जीभ लावली टाळ्याला असं कसं चालेल? तिने निळं झाकण आणि पांढरं झाकण शेजारी शेजारी लावली, त्यात जरासं लोह घातलं, आणि दोन दिवस थांबली. सोमवार, मंगळवार. त्या दोन दिवसांत वॉर्डात दोनदा ड्रेसिंग बदललं गेलं. दोन्ही वेळा ताजं जेल लॅबमधून गेलं आणि डब्यावर सही धाकटीची होती. तिने कुणापाशी ब्र काढला नाही. खरं सांगायचं तर खात्रीबित्री सगळी सबब होती. ती घाबरली होती. सात वर्षांचं काम आणि बहिणीचा पाय दोन्ही एका झटक्यात हातचे जाणार, हे तिला बघवत नव्हतं.

बुधवारी तिने ताटल्या काढल्या. पांढऱ्या झाकणाखाली पेशी जिवंत. निळ्याखाली एकही नाही.

अकरा वाजता ती बाईंच्या खोलीत होती. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग चष्मा काढला, डोळे चोळले आणि टेबलावरचा एक कागद तिच्याकडे सरकवला.

"हे बघ. काल संध्याकाळीच आलंय. सहा रुग्ण, तीन आठवडे. वेदना, शून्य ते दहा. वाच."

धाकटीने वाचलं. सगळ्या रकान्यांत शून्य. अठरा शून्यं.

"तू म्हणतेस तसं जखमेत पेरॉक्साइड सुटत असतं, तर ही माणसं किंचाळली असती," बाई म्हणाल्या. "सहापैकी एकाला तरी जळलं असतं की नाही? ताटलीत काय वाटेल ते होतं गं. माणूस खोटं कशाला बोलेल?"

धाकटी त्या कागदाकडे बघत राहिली. ताईच्या नावापुढे तीन शून्यं होती. तिसऱ्याच दिवशी "फार जळतंय गं" म्हणणाऱ्या ताईच्या नावापुढे.

"बाई, हे खोटं आहे," ती म्हणाली. "निदान एक तरी खोटं आहे. मला माहीत आहे."

"आठवडाभर थांब. मी चाचणीच्या समितीशी बोलते."

"आठवडा नाही थांबता येणार."

"मग तू जे करशील ते तुझ्या जबाबदारीवर," बाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांचंही नाव त्या औषधावर होतं, आणि निवृत्तीला वर्षच उरलं होतं. खरं पचवायला त्यांना एक आठवडा हवा होता. धाकटीने दोन दिवस घेतलेच होते, मग बाईंना कुठल्या तोंडाने नावं ठेवणार?

वॉर्डात दुपारची जेवणं आटोपली होती. ताई खाटेवर उशीला टेकून बसली होती आणि शेजारच्या बाईच्या झग्याला बटण लावून देत होती. पाय चादरीखाली.

"आलीस? ये. चेहरा का असा पडलाय? जेवलीस का?"

"ताई, वेदना किती म्हणून नर्सने विचारलं तेव्हा तू शून्य का सांगितलंस?"

ताईने दाताने दोरा तोडला. "हळू बोल. दुखत नाही म्हणून सांगितलं."

"ताई."

"अगं, दुखतंय काय नि नाही काय! तूच म्हणालीस ना, जळतंय म्हणजे लागू पडतंय? मग ते दुखणं कसलं, ते तर औषध. त्या कागदावर मी नऊ नि दहा लिहिलं असतं तर तुझं नाव खराब झालं असतं. ती नर्सच सांगत होती, वेदना जास्त आली की चाचणी थांबवतात." ताई जराशी हसली. "तुझी सात वर्षं मी घालवू? उशी तोंडात धरायची की झालं."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. धाकटी खाटेच्या कडेवर बसली.

"आणि बाकीचे पाच?" तिने विचारलं. "त्यांना का नाही जळलं?"

"जळलं की! पहिल्या आठवड्यात सगळे रडकुंडीला आले होते. तो ट्रक चालवणारा तर नर्सला शिव्या घालत होता. मीच सांगितलं सगळ्यांना. म्हटलं, औषध माझ्या बहिणीने केलंय. तिने स्वतः सांगितलंय, जळतंय म्हणजे लागू पडतंय. शून्य सांगा आणि सहा आठवडे काढा, पाय वाचेल. ऐकलं बिचाऱ्यांनी." ताईच्या आवाजात अभिमान होता. तो अभिमानच धाकटीला सोसवेना.

मग तिने सांगितलं. काहीही न लपवता सांगितलं. निळं झाकण, पांढरं झाकण, अकरा ताटल्या, 'दूषित', आणि सोमवार-मंगळवारही सांगितले. ताईला पेरॉक्साइड कळलं नाही, पायरुव्हेट कळलं नाही. सोमवार कळला.

"सोमवारी कळलं होतं तुला?"

"हो."

"आणि आज बुधवार आहे."

"हो, ताई."

ताईने सुई झग्याला टोचून ठेवली, झगा घडी करून शेजारच्या खाटेवर दिला. मग म्हणाली, "नर्सला बोलाव."

नर्सने आधी लेखी हुकूम मागितला. तिचंही बरोबर होतं. धाकटीने चाचणीच्या वहीत तारीख, वेळ टाकून स्वतःच्या हाताने लिहिलं, 'औषध घातक आहे. सहाही रुग्णांचं ताबडतोब थांबवा, जखमा धुवा,' आणि खाली पूर्ण नावाने सही केली. ती सही करताना तिला कळत होतं, की आपली नोकरी इथे संपली. त्याचं तिला फारसं काही वाटलंही नाही, आणि नंतर तिला त्याचंच आश्चर्य वाटत राहिलं.

ताईची पट्टी सोडली. खालचं जेल तांबूस राहिलंच नव्हतं, काळपट झालं होतं. सलाइनने धुतल्यावर जखमेच्या कडा दिसल्या, त्याही काळ्या. तळाशी पिवळट पांढरं काहीतरी होतं. दोन वर्षांत जखम जेवढी वाढली नव्हती, तेवढी ती साडेतीन आठवड्यांत वाढली होती. नर्सने मान वळवली. सर्जन आला, वाकून पाहिलं, हातमोज्याचं बोट वरपर्यंत फिरवलं, एका ठिकाणी दाबलं.

"इथे लागतंय?"

"लागतंय," ताई म्हणाली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिने खरं उत्तर दिलं.

"शुक्रवारी घेऊ," सर्जन म्हणाला. "गुडघा वाचतो का बघतो. शब्द देत नाही."

तो गेल्यावर धाकटीचा बांध फुटला. ती ताईच्या हातावर डोकं ठेवून रडली. "मला माफ कर, ताई," असं काहीबाही म्हणत राहिली. लहानपणापासून ती अशी रडली, की ताईचा हात आपसूक तिच्या डोक्यावर यायचा. तो आज आला नाही. ताई समोरच्या भिंतीकडे बघत बसली होती.

"झालं रडून?" ताई थोड्या वेळाने म्हणाली. "डोळे पूस आणि ती चाकाची खुर्ची आण."

"कशाला?"

"बाकीच्यांना कोण सांगणार?"

"नर्स सांगतील. सर्जन जातील आता एकेकाकडे."

"त्यांना नर्सने शब्द दिला नव्हता. मी दिला होता," ताई म्हणाली. "आणि मला तू. चल, ऊठ. माझा पाय माझ्यापाशी. तो मी तुला माफ करीन का नाही, ते माझं मी बघीन. त्यांच्या पायांचं मला माफ करता येत नाही."

धाकटीने खुर्ची आणली. ताईला उचलून बसवताना तिच्या तोंडून एक आवाज निघाला, आणि या खेपेला तिने तो दाबला नाही.

पलीकडच्या खोलीत पहिली खाट मास्तरांची होती. गणिताचे निवृत्त मास्तर, सत्तरीचे, एकटे. वॉर्डात सगळ्यांना पाढे विचारत, चुकलं की "अरे देवा, कान पकड" म्हणत. डाव्या पावलाला जखम. नर्स अजून त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. खुर्ची आत येताना बघून त्यांचा चेहरा खुलला.

"या, या! आज दोघी बहिणी! बरं झालं तुम्ही स्वतःच आलात. मी तुमचीच वाट बघत होतो." त्यांनी धाकटीला हात जोडले. "पोरी, तुला एक कबूल करायचंय. मनाला लागून राहिलंय माझ्या. तीन आठवडे मी त्या कागदावर खोटं सांगितलं. जळत होतं, फार जळत होतं, आणि मी शून्य सांगत होतो. आयुष्यभर पोरांच्या वहीतलं खोटं उत्तर खोडलं मी, आणि म्हातारपणी स्वतःच खोटं सांगितलं. पण रविवारपासून थांबलं! एकदम थांबलं. काही म्हणजे काही नाही. हे बघ, चिमटा काढतो." त्यांनी पट्टीच्या वर, घोट्यापाशी जोराने चिमटा काढला. "बघ! आता खरं शून्य आहे. तुझ्या हाताने लिही. खरं शून्य लिही."

घोट्याची कातडी जांभळी पडली होती. चिमट्याचा खळगा तसाच राहिला, भरून आला नाही. धाकटीने ताईकडे पाहिलं.

"सांग," ताई म्हणाली.

"मास्तर," धाकटी म्हणाली, "ते बरं झालं म्हणून थांबलेलं नाही. औषध चुकीचं होतं. माझी चूक झाली. तिथलं मेलंय, म्हणून तुम्हाला आता काही कळत नाहीये."

मास्तरांचा हात घोट्यावर तसाच होता. वर्गात एखादं पोर भलतंच उत्तर देतं तेव्हा बघावं, तसे ते आधी धाकटीकडे बघत राहिले. मग ताईकडे वळले.

"पण ताई, तुम्ही तर म्हणाला होता..."

ताईने मान खाली घातली नाही.

"हो, मास्तर," ती म्हणाली. "मी म्हणाले होते."